अंथरूण कोणी बेतले?

(सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दाराशी एक सूचनाफलक असतो. पाणी कोणत्या वेळी येईल, लिफ्ट कधी बंद राहील, गणेशोत्सवाची वर्गणी कोणाकडे द्यावी, असा सारा संसार त्यावर टाचणीने लावलेला असतो. आणि त्याच फलकाच्या एका कोपऱ्यात थकबाकीदार सभासदांची यादी असते. सदनिका क्रमांक, नाव, किती महिन्यांचे देणे, एकूण रक्कम. येथे जमलेल्या प्रत्येक सचिवाने आणि खजिनदाराने अशी यादी केव्हा तरी स्वतःच्या सहीने लावलेली आहे. सही करताना हात क्षणभर थांबतो की नाही, हे ज्याचे त्याने जाणावे. परंतु यादी लागल्यावर जिन्यात जे बोलले जाते, ते सर्वत्र सारखेच असते.

एक जण म्हणतो, "ऐपत नव्हती तर घर घेतले कशाला?" दुसरा म्हणतो, "बिचाऱ्यांची परिस्थिती नाही." मराठी भाषेने या दोन शब्दांत दोन न्यायनिवाडे भरून ठेवले आहेत. 'ऐपत' म्हटले की माणसाचे द्रव्यबळ आणि त्याची लायकी एकाच तागडीत पडते. 'परिस्थिती' म्हटले की माणूस अदृश्य होतो आणि भोवतालचेच तेवढे उरते. पहिला निवाडा देणारा स्वतः वेळेवर पैसे भरत असतो, म्हणून त्याला अधिकार वाटतो. दुसरा निवाडा देणारा सहृदय असतो, पण सुस्कारा टाकून तोही आपल्या घराचे दार लावून घेतो. दोघांच्याही बोलण्याने थकलेल्या देण्यातील एक रुपया कमी होत नाही.

आर्थिक विवंचनेचा दोष माणसाच्या वर्तनाला द्यायचा की परिस्थितीला, हा वाद जुना आहे. पोटाच्या आणि कपड्याच्या बाबतीत तो एक वेळ घाईने मिटवता येईल. घराच्या बाबतीत मात्र तसे करता येत नाही. कारण घराची किंमत ही एका कुटुंबाच्या वागण्याने ठरत नाही, पण ती देण्याचा करार मात्र एका कुटुंबाच्या सहीनेच होतो.

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे वचन घरोघरी मुलांना शिकविले जाते, आणि ते शिकविले पाहिजेच. परंतु त्या वचनात सारा उपदेश पायांना आहे. अंथरूण कोणी बेतले, कोणी कापले, हा प्रश्न त्यात नाही. मुंबईच्या गिरणगावात तर अंथरूण हा केवळ अलंकार नव्हता. दहा-बारा फुटांच्या खोलीत पंधरा-वीस कामगार पाळीपाळीने राहत. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवर जाणारा उठे आणि त्याच वळकटीवर हा आडवा होई. कोकणातील आणि घाटावरील कित्येक गावांच्या मंडळांनी अशा खोल्या सामाईक घेऊन ठेवल्या होत्या. पेट्या भिंतीशी, गावदेवाची तसबीर वर, आणि मनीऑर्डर दरमहा गावी. पाय याहून आखूड ओढून घ्यावेत, असे या माणसांना कोणी सांगू शकेल काय? तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांना या शहरात स्वतःचे घर झाले नाही. तेव्हा अंथरुणाचा इतिहास थोडा उलगडून पाहणे भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई आणि टंचाई वाढली, तेव्हा भाडेकरूंना संरक्षण देणे न्यायाचे होते. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. हेतू स्वच्छ होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकला. धान्य, मजुरी, सिमेंट या साऱ्यांचे भाव वाढले, भाडे मात्र १९४० मध्येच राहिले. घरमालकाने दुरुस्ती सोडून दिली आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्याचा धंदाच उरला नाही. इमारती खचू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन करावे लागले आणि उपकर बसवावा लागला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ भरली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही असा निर्वाळा दिला. नवा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

या कायद्याचा परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. ज्याच्या आजोबांना १९४० च्या सुमारास गिरगावात खोली मिळाली, त्याचा नातू काही दहा रुपयांत शहराच्या मध्यभागी राहिला. ज्याचा बाप १९६५ मध्ये सांगलीहून किंवा संगमेश्वराहून आला, त्याला पागडी मोजावी लागली, आणि ती कायद्याने गुन्हा असल्यामुळे पावतीविना मोजावी लागली. दोघे एकाच कचेरीत, एकाच पगारावर कारकून असू शकत. निवृत्तीच्या वेळी एकाच्या गाठीशी बरी शिल्लक असे, दुसऱ्याच्या डोक्यावर देणे असे. पहिल्याला लोक काटकसरी म्हणत आणि दुसऱ्याला अव्यवहारी. वास्तविक त्या दोघांतील अंतर हे पंचवीस वर्षांपूर्वी कोण आधी आला एवढेच होते.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचेही असेच. गरिबांच्या घरांसाठी अतिरिक्त जमीन मिळावी हा उद्देश. प्रत्यक्षात सूट मिळविण्याच्या अर्जांत आणि खटल्यांत बरीच जमीन अडकून पडली. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. मधल्या काळात शहर वाढत होते, घर मात्र मिळत नव्हते. ज्या राजकारण्यांनी आणि अधिकाऱ्यांनी हे अंथरूण बेतले, त्यांना पाय आखडण्याचा उपदेश कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाच्या शहाणपणाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागाची स्पर्धा उभी होती, मालकांचे लक्ष सुतापेक्षा जमिनीकडे वळू लागले होते. आणि कामगारांच्या पुढाऱ्यांनीही माघारीची वाट ठेवली नाही. परंतु संपावर जाणाऱ्या एका साचेवाल्याच्या हाती यांपैकी काय होते? तो गेला नसता तर सोबत्यांशी द्रोह ठरला असता. गेला म्हणून नोकरी गेली. लाखाहून अधिक कामगार पुन्हा गिरणीत परतले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा वाटा मोकळ्या जागेसाठी, म्हाडाच्या घरांसाठी आणि मालकासाठी ठरवून दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या भूभागापुरती उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य धरली. घरांसाठी मिळावयाची जमीन त्यामुळे किती आक्रसली, हे परळ-लोअर परळ भागातून एक फेरफटका मारणाऱ्यास सांगावे लागत नाही.

२०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरे. अर्ज लाखाहून अधिक. कित्येक अर्जदार वारस होते, कारण मूळ कामगार तोवर राहिला नव्हता. पुढे शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव आला, त्यास कामगार संघटनांनी विरोध केला. ज्याने लालबागला उमेदीची वर्षे घातली, त्याला कर्जतच्या वाटेवर घर दाखविले की तो खळखळ करतो. ही खळखळ हट्टीपणाची नव्हे.

या संपात आणखी एक वर्ग भरडला गेला, त्याची नोंद सहसा होत नाही. तो म्हणजे खानावळ चालविणाऱ्या स्त्रिया. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना त्या महिन्याच्या उधारीवर जेवू घालत. पगार झाला की पैसे येत, आणि तोवर किराणा सावकाराच्या व्याजावर भरावा लागे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. तारण काय, तर पोळपाट, पातेली आणि शब्द. बँकेच्या भाषेत ज्यांची पत शून्य, त्या स्त्रिया कर्ज फेडू शकतात हे या मंडळाने दाखवून दिले. पण ८२ च्या संपात जेवणारेच गावाला निघून गेले. उधारी बुडाली. त्या बाईने ना उधळपट्टी केली होती, ना आळस केला होता. पहाटे चारला चूल पेटविण्यात तिने कधी खंड पाडला नव्हता. तिच्या हिशेबाच्या वहीत चूक शोधणाऱ्याला ती सापडणार नाही.

येथवर ऐकून एखाद्यास वाटेल की सारे खापर परिस्थितीवर फोडण्याचा हा प्रयत्न आहे. तसे नाही. त्याच गिरणगावात, त्याच मजल्यावर, शेजारच्या दोन खोल्यांत संप सारखाच शिरला आणि निष्पत्ती वेगळी झाली, हेही तितकेच खरे आहे. एकाने थोडाबहुत मिळालेला पैसा मुलाच्या तांत्रिक शिक्षणात घातला. दुसऱ्याने मुलीच्या लग्नात गावजेवण घातले, कारण 'लोक काय म्हणतील'. एकाची बायको शिवणयंत्र घेऊन बसली; दुसऱ्याने मटक्याच्या आकड्यात नशीब शोधले. परिस्थितीने त्याला मटक्याच्या अड्ड्यापर्यंत ढकलले असे म्हणणे ही करुणा नव्हे, त्या शेजारच्या स्त्रीचा तो अवमान आहे. दारिद्र्यात सचोटीने वागणारे बहुसंख्य असतात. सारा दोष परिस्थितीचा असे एकदा ठरविले की त्यांच्या सचोटीला काही किंमतच उरत नाही.

लग्नकार्याचा उल्लेख आलाच आहे, तर एवढे सांगितले पाहिजे की मध्यमवर्गातील कित्येक गृहकर्जांचा पाया लग्नमांडवातच ढासळतो. घराच्या पहिल्या भरण्यासाठी जमविलेली पुंजी दोन दिवसांच्या समारंभात जाते, मग उरलेली रक्कमही कर्जाऊ उभी करावी लागते. येथे कायदा नडलेला नसतो, सरकार नडलेले नसते. नडते ती नातेवाइकांची नजर. हे निव्वळ वैयक्तिक दायित्व म्हणावे की सामाजिक, असा बारीक प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे.

उलट, निव्वळ काटकसरीने माणूस सुरक्षित होतो या समजुतीलाही २०१९ मध्ये मोठा तडा गेला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि आरंभी खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येऊ लागले. बँकेच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेला होता आणि तो झाकून ठेवला गेला होता. खातेदारांत निवृत्त माणसे होती, छोटे दुकानदार होते, आणि कित्येक गृहनिर्माण संस्थांचे निधीही तेथे होते. ज्यांनी आयुष्यभर पाय आखडून घेतले, त्यांचेच अंथरूण कोणी तरी ओढून नेले. त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली.

आता आजच्या थकबाकीदाराकडे वळावे. त्याची गोष्ट गिरणी कामगाराची नाही. तो बहुधा नोकरदार आहे, शिकलेला आहे, आणि त्याने स्वेच्छेने सही केली आहे. म्हणजे दोष त्याचाच? थोडा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका कुटुंबाने २०२१ च्या प्रारंभी ३० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने, पावणेसात टक्के बदलत्या दराने घेतले. महिन्याचा हप्ता २२,८११ रुपये. नवराबायको दोघांच्या पगारातून तो जमत होता; पाय अंथरुणातच होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. महागाई आवरण्यासाठी तिला तो न्यावा लागला. कर्जाचा दर रेपोशी जोडलेला असल्यामुळे तो सव्वानऊ टक्क्यांवर गेला.

त्या वेळी या कुटुंबाचे सुमारे साडेअठ्ठावीस लाख मुद्दल शिल्लक होते. सव्वानऊ टक्क्यांनी त्यावरील महिन्याचे व्याजच जवळजवळ २२ हजार रुपये होते. म्हणजे २२,८११ रुपयांच्या हप्त्यातून मुद्दलात जेमतेम साडेआठशे रुपये जमा होणार! हप्ता तोच ठेवला तर उरलेल्या अठरा वर्षांचे कर्ज पस्तीस वर्षांवर जाते. हप्ता वाढविला तर दरमहा सुमारे सव्वाचार हजारांचा अधिक भार. बहुतेक ठिकाणी काय झाले? ऋणकोला न विचारता मुदत लांबविण्यात आली, कारण हप्ता तोच दिसला की तक्रार येत नाही. हा प्रकार इतका बोकाळला की ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावे लागले की दर बदलल्यास हप्ता वाढवायचा की मुदत, की स्थिर दराकडे जायचे, हा पर्याय ऋणकोला द्यावा, आणि मासिक व्याजही भरून निघणार नाही अशी मुदतवाढ करू नये. पुढे २०२५ मध्ये दर टप्प्याटप्प्याने उतरले, हे खरे; पण वाढलेली मुदत आपोआप पूर्ववत होते असे कोणी गृहीत धरू नये.

या उदाहरणात जबाबदारी कोणाची किती, हे आता नीट वेगळे काढता येते. दर वाढणे कुटुंबाच्या हाती नव्हते. पण दर 'बदलता' आहे हे करारात होते, आणि पगाराच्या अर्ध्याहून अधिक रक्कम हप्त्याला बांधताना 'दर वाढला तर?' हा प्रश्न विचारणे त्यांच्या हाती होते. वर्षातून एकदा कर्जाचे विवरणपत्र उघडून शिल्लक मुद्दल पाहणे त्यांच्या हाती होते. आणि कर्ज देणाऱ्याच्या हाती तर सर्वांत अधिक होते, कारण दर वाढल्यास काय होईल हे त्याला गणिताने ठाऊक असते, घेणाऱ्याला फक्त घर ठाऊक असते. ज्याला अधिक कळते त्याचे दायित्व अधिक, या साध्या न्यायाने पाहिले तर घर घेणाऱ्याचा वाटा खरा असूनही सर्वांत लहान ठरतो.

आपल्या पूर्वजांनी ऋणाचा विचार याच बारकाईने केला होता, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. बापाचे ऋण फेडणे हा पुत्राचा धर्म, असे स्मृतिग्रंथ सांगतात; इतके की ऋण न फेडणे हे केवळ व्यवहारातील नव्हे तर धर्मातील उणेपण मानले गेले. पण ते तेथेच थांबत नाहीत. बापाने जुगारासाठी केलेले, मद्यासाठी केलेले, वाटेल त्याला उगाच देऊन टाकण्यासाठी केलेले ऋण पुत्रावर बंधनकारक नाही, असेही मनुस्मृती सांगते. आणि कुटुंबाच्या पोषणासाठी केलेले ऋण, मग ते घरातील सेवकाने का काढलेले असेना, कर्त्याने फेडलेच पाहिजे. म्हणजे किती थकले एवढेच न पाहता ते कशासाठी काढले होते हे पाहण्याची रीत होती. पुढे २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने पुत्रावरील हे बंधन नव्या ऋणांपुरते संपविले, आणि आजच्या अर्थव्यवहारात ते योग्यच होय. परंतु कारण विचारण्याची ती दृष्टी कायद्याबरोबर टाकून देण्याचे कारण नव्हते.

धनकोलाही मर्यादा होती. दामदुपटीचा नियम सर्वांनी ऐकलेला असतो. साचलेले व्याज मुद्दलाहून अधिक एका वेळी मागता येणार नाही, असा तो नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला होता. (वीस वर्षांच्या गृहकर्जात एकूण व्याज मुद्दलाहून अधिक भरू शकते, म्हणून दामदुपटीचा भंग झाला असे कोणी समजू नये, तो नियम थकून साचलेल्या व्याजाला आहे, वेळोवेळी फेडलेल्या हप्त्यांना नाही.) त्यामागील भाव असा की ऋणको बुडाला तर गाव एक घर गमावतो. तुकोबांच्या घरची सावकारी होती, दुकानदारी होती. दुष्काळात तीही बुडाली. त्या दिवाळ्यावरून त्यांना नादान ठरविणारे तेव्हाही असतील. परंपरा सांगते की भावाच्या वाट्याची खते त्याच्या हाती देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडविली. भावाच्या हक्काची नाही बुडविली, हे विशेष. दुसऱ्याच्या देण्यावर उदार होण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही.

गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीने हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे. संस्थेचा पैसा समितीचा नाही. तो पाणीपट्टीचा आहे, पहारेकऱ्याच्या पगाराचा आहे. एका सभासदाने भरला नाही तर तो दुसऱ्याने भरलेला असतो. तेव्हा 'जाऊ द्या, परिस्थिती नाही' असे म्हणून माफ करण्याचा अधिकार सचिवाला नाही. पण कारण विचारण्याचा अधिकार त्याला आहे, आणि तो वापरला जात नाही. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळ व्याज अधिकाधिक २१ टक्के घेता येते. 'अधिकाधिक' हा शब्द तेथे आहे. प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभा ठरविते. तरीही असंख्य संस्थांनी तो २१ वरच ठेवला आहे, जणू कमी दर ठरविणे कायद्याने मना आहे. महिन्याला सहा हजार रुपयांचा मेंटेनन्स तीन वर्षे थकला तर मुद्दल २ लाख १६ हजार होते, आणि व्याज आणखी ६७ हजारांच्या आसपास. बाहेरगावी दुसरे घर असून येथील सदनिका भाड्याने देणाऱ्याला हा दर खुशाल लावावा. पतीच्या आजारपणात साठविलेले गेलेल्या विधवेला तोच दर लावणे म्हणजे जुगारी आणि कर्ता यांतील भेद पुसून टाकणे होय. सर्वांना एकच नियम, ही सबब सोयीची आहे; पण हप्ते बांधून देणे, दर कमी ठरविणे, वसुलीचा दाखला मागण्यापूर्वी समक्ष भेटणे, यांपैकी काहीही नियमाबाहेरचे नाही.

चाळीत हे काम कोणी ठरवून करीत नसे, ते होत असे. भिंती पातळ होत्या, म्हणून शेजारच्या घरात दोन दिवस चूल उशिरा पेटली तर कळे. भिशी असे, गावकीची खोली असे, कामगारांची पतपेढी असे. पन्नास-शंभर रुपयांचा आधार सावकाराच्या दारी जाण्याआधी मिळे. चाळीचे गुणगान करण्याचे कारण नाही. सामाईक शौचालयाच्या रांगेत ज्या स्त्रिया उभ्या राहिल्या, त्यांना तो गोडवा ऐकवू नये. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील कुटुंबे १६० चौरस फुटांत चार पिढ्या राहिली. त्यांतील वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळण्यास ऑगस्ट २०२५ उजाडावे लागले. परंतु घरांच्या किमतींनी जेव्हा गिरगावचे बिऱ्हाड डोंबिवलीला, डोंबिवलीचे बदलापूरला नेले, तेव्हा केवळ अंतर वाढले नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा सुमारे ६८ किलोमीटरचा प्रवास दोन्ही वेळा करणाऱ्याला शेजाऱ्याचे नाव रविवारी कळते, तेही पाटीवर वाचून. घर मिळाले, पण संकटात हाक मारण्याजोगा माणूस मजल्यावर राहिला नाही. म्हणूनच आज नोकरी गेलेला गृहस्थ चार महिने डबा घेऊन रोज सकाळी बाहेर पडतो आणि शेजाऱ्यांना ते कळते बँकेची नोटीस दारावर चिकटल्यानंतर.

त्या नोटिशीचे गणितही पदाधिकाऱ्यांना ठाऊक असावे. कर्जाचे खाते ९० दिवस थकले की ते अनुत्पादक ठरते. २००२ च्या कायद्यानुसार त्यानंतर ६० दिवसांच्या मुदतीची मागणी-नोटीस येते, आणि मग ताब्याची कारवाई. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून सुमारे पाच महिने हाती असतात. पहिल्या दोन महिन्यांत बँकेकडे जाऊन हप्त्यांची पुनर्रचना मागितली तर बहुधा ऐकले जाते. पाचव्या महिन्यात ऐकले जात नाही. बँकेचा हप्ता आणि संस्थेचा मेंटेनन्स यांतून आधी मेंटेनन्स थकतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यामुळे एखाद्या घराचे पाऊल घसरते आहे हे बँकेच्याही आधी संस्थेच्या खजिनदाराला दिसते. सलग दोन महिने न भरणाऱ्या, पण एरवी कधी न चुकणाऱ्या सभासदाच्या घरी त्याच आठवड्यात समितीतील एखाद्या जाणत्याने जावे. पत्र पाठवू नये. कर्जाचे विवरणपत्र वाचता येणारा कोणी तरी प्रत्येक इमारतीत असतो, निवृत्त बँक कर्मचारी तर असतोच.

१९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न हाच होता की नोकरदार माणसाला एकट्याच्या बळावर या शहरात नीट घर मिळत नाही. सहकाराचा हा आरंभ परस्परांच्या आधारातून झाला. आज त्याच शब्दाखाली चालणाऱ्या संस्थांचे बहुतेक लक्ष वाहनतळाच्या वाटपाकडे असते.

शेवटचा मुद्दा पुनर्विकासाचा, कारण येथे बसलेल्या निम्म्या संस्थांच्या टेबलावर तो आहे. २०१९ पासून ५१ टक्के सभासदांच्या संमतीने निर्णय होऊ शकतो. विकासकाचे चित्र सुंदर असते; बावीस मजले, चार लिफ्ट, व्यायामशाळा, तरणतलाव. क्षेत्रफळ किती वाढेल हे सर्वांना तोंडपाठ असते. महिन्याचा खर्च किती वाढेल हे क्वचितच विचारले जाते. जुन्या तीन मजली इमारतीत अठराशे रुपये भरणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला नव्या मनोऱ्यात आठ-दहा हजार भरावे लागले, तर घर मोफत मिळूनही दोन वर्षांत त्याचे नाव थकबाकीच्या यादीत येईल, आणि तेव्हा जिन्यात पुन्हा कोणी तरी ऐपतीचा प्रश्न विचारील. तो आकडा आज काढता येतो. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, पहारेकरी, मालमत्ता कर, सारे मोजता येते. विकासक सभासदांसाठी किती निधी कायम ठेव म्हणून देणार आणि तिचे व्याज या वाढीव खर्चाच्या कितव्या हिश्शाला पुरणार, हे करारात लिहून घेता येते. संमतिपत्रांवर सह्या घेण्यासाठी जी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली जाईल, तिच्यात तरणतलावाचे चित्र दाखविण्यापूर्वी खजिनदाराने हा कागद वाचून दाखवावा, आणि पहिल्या मजल्यावरील ज्या वृद्ध सभासदांना जिना उतरून सभेस येणे जमत नाही, त्यांच्या घरी जाऊन तो आदल्या दिवशीच वाचावा.